एका डोळ्याला दोन काचा

रिसोडला अजूनही कुणी जुना माणूस भेटला आणि मी पंचफुलाचा दीर आहे हे त्याला कळलं, की तो हात जोडतो आणि म्हणतो, "काय जीभ होती हो त्या बाईची. देवानं गुण देल्ला होता." माझं डोकं फिरतं. गुण कसला डोंबलाचा. त्या गुणापायीच आमच्या घरातला एक डोळा गेला आणि दुसरा जाता जाता राहिला. पण हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ आहे. त्यांना चमत्कार हवा असतो.

तर आधी गुणाचंच सांगतो. माझी वहिनी पंचफुला ही इंझोरीची. तिची आई भागिरथा खळ्यावर मजुरी करायची. ज्वारी मळताना कोंडा उडतो, कुसळं उडतात, आणि कुणाच्या तरी डोळ्यात गेल्याशिवाय दिवस मावळत नाही. भागिरथा ते कुसळ जिभेच्या टोकानं काढायची, आणि तिचं बघून लेकही शिकली. रीत अगदी साधी होती. मिठाच्या पाण्यानं खळखळून चुळा भरायच्या, समोरच्याला उजेडाकडे तोंड करून बसवायचं, अंगठ्यानं पापणी वर धरायची आणि जिभेचं टोक आतून एकदा अलगद फिरवायचं. कुसळ जिभेला चिकटून यायचं. मग ती ते नखावर घेऊन त्या माणसाला दाखवायची आणि म्हणायची, "हे पाय, एवढंसं व्हतं." पैसा घ्यायची नाही.

आमच्या घरी ती लग्न होऊन आली तेव्हा माझा थोरला भाऊ देवमन रोजानं जायचा. पुढे बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, जो तो इंजिनं बसवून पाणी खेचायला लागला आणि इंजिनं बिघडायला लागली. ते बघून जगदेवरावांनी मालेगावच्या रस्त्याला पत्र्याची शेड ठोकून कारखाना टाकला. हे जगदेवराव म्हणजे भरपूर जमीनवाले, गावात शब्दाला वजन असलेले. कारखान्यात वखराच्या पासा, म्हणजे लोखंडी पाती, घासून धार लावायची, तिफणीच्या लोखंडाला भोकं पाडायची, इंजिनांची किरकोळ कामं करायची. दादाला तिथं घासायच्या चाकावर घेतलं, आणि शिरपूरच्या बाजूच्या तांड्यावरचा प्रेमसिंग ड्रिलवर होता. मी तोपर्यंत एस.टी.त कंडक्टर झालो होतो, रिसोड-अकोला गाडीवर. माझा आवाज मोठा आणि राग नाकावर, हे प्रवासी अजून सांगतात. खोटं नाही.

कारखाना सुरू झाला आणि वहिनीच्या ओसरीवर रांग लागायला लागली. चाकावर लोखंड धरलं की ठिणग्यांचा फवारा उडतो, ड्रिलमधून कीस उडतो, आणि डोळे सगळ्यांचे उघडे. डोळा चुरचुरला की, "जाय पंचफुलाबाईकडे." कारखान्यापासून आमची वस्ती हाकेच्या अंतरावर. कारखान्यातली माणसं यायची, पासा घेऊन आलेले शेतकरी यायचे, खुद्द जगदेवरावही येऊन गेले होते.

आता ऐका, ही माणसं कशी यायची. आमच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. आम्ही बौद्ध झालो, पण गावाच्या लेखी आम्ही जे होतो तेच राहिलो. आमच्या घरचं पाणी या लोकांना चालत नव्हतं. तेच लोक ओसरीवर बसून डोळा वासायचे आणि माझ्या वहिनीची जीभ डोळ्यात घालून घ्यायचे. कुणी विटाळाचं विचारलंच तर जगदेवरावांचं उत्तर ठरलेलं होतं, "डोयाले काई इटाय नसतो." वहिनी प्रत्येकाला तांब्या पुढे करायची, आणि प्रत्येकजण म्हणायचा की आत्ताच घरून पिऊन आलो. रिसोडात तेव्हा तहान कुणाला लागतच नव्हती. मग वस्तीच्या टोकाला सरकारी हापसी होती तिथं थांबून माणूस तोंड धुवायचा. डोळा धुवायचा म्हटलं तर ठीक आहे. पण मानेपर्यंत कशाला धुवायचं. हापसीसुद्धा आमच्याच वस्तीतली, पण तिचं पाणी लोखंडाच्या नळीतून येत होतं, तेवढ्यानं ते चालत होतं.

मी चिडायचो. वहिनी म्हणायची, "भाऊजी, डोया दुखून राह्यला त्याचा. तो आपल्या दारात काय भांडाले येते का?"

ती तशीच होती. पण तिच्या ध्यानात एक गोष्ट माझ्या आधी आली. कुसळ आणि लोखंड एक नाही. कुसळ हलकं असतं, पापणीखाली तरंगत राहतं आणि ओल्या जिभेला चिकटतं. लोखंडाचा गार कीसही कधी कधी निघतो. पण चाकावरची ठिणगी तापलेली येते आणि बुबुळात रुतून बसते. तिच्यावरून जीभ नुसती घसरते. हे ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, आणि येणारा प्रत्येकजण मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघड्या डोळ्यांनी चाकापुढे बसायचा. पंचफुलाबाई आहे म्हटल्यावर कशाची भीती. अख्ख्या कारखान्याचा चष्मा म्हणजे माझ्या वहिनीची जीभ, असं होऊन बसलं होतं.

मग दादाचा डोळा गेला. मृग तोंडावर आलेला, वखराच्या पासांचा ढीग लागलेला. दादाच्या डाव्या डोळ्यात ठिणगी बसली. घरी आला तेव्हा डोळा लाल. वहिनीनं चुळा भरल्या, पापणी वर केली, जीभ फिरवली. काही आलं नाही. तिनं लगेच हात काढून घेतला आणि म्हणाली, "हे रुतलं हाय. उद्याच अकोल्याले जा, दवाखान्यात."

सकाळी दादा सुट्टी मागायला गेला. जगदेवराव हसले. म्हणाले, "घरात पंचफुला असून तुले दवाखाना कायले पायजे? गावाचे डोये साफ करते, नवऱ्याचाच व्हत नाई का तिले?" शेडमधले सगळे हसले. दादा माझा भाऊ, पण त्याच्यासारखा गरीब स्वभावाचा माणूस मी पाहिला नाही. तो परत आला तो चाकावर बसला. वहिनी स्वतः कारखान्याच्या दारात जाऊन सांगून आली, तर तिलाच उलट सांगितलं की घरी नीट जीभ लाव. मी गाडीवर होतो, मुक्कामी ड्युटी लागली होती. मी आलो तोवर डोळ्यात पू झाला होता. त्याला अकोल्याला नेलं, तिथं त्यांनी होतं ते सगळं केलं, पण डोळा राहिला नाही.

दादाला मी गाडीतून परत आणलं. सगळ्या रस्त्यानं तो एकच बोलला, "तिले काई म्हनू नको." तिला कोण काय म्हणणार होतं. मला ज्यांना म्हणायचं होतं ते पत्र्याच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसले होते.

दादा उजव्या डोळ्यानिशी पुन्हा चाकावर बसला. दुसरं काम कुठलं. त्या दिवसापासून वहिनीला एकच घोर लागला. तो एक डोळा. तो घरी आला की ती आधी त्याचं तोंड उजेडाकडे करायची, मग हात धुवायला पाणी द्यायची.

मग ती कारखान्यात गेली आणि जगदेवरावांना म्हणाली, "मालक, मान्साईले चष्मे आना." दादाचा डोळा ताजा गेलेला, चार लोक उभे, त्यामुळे नाही म्हणता येईना. ते म्हणाले, आणतो. आणि आणले. कुठून आणले, तर शिरपूरहून. तिथं जैन मंदिराला यात्रेकरू येतात, त्यांच्यासाठी रस्त्यावर दुकानं लागतात. माळा, फुगे, शिट्ट्या आणि काळे गॉगल. पोरं ते लावून फोटो काढतात. त्यातले मूठभर गॉगल मालकांनी आणले आणि शेडमध्ये वाटले. प्रेमसिंगनं लावला तर सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या, सिनेमातला दिसतो म्हणून. जगदेवराव खूश होते. पंचफुलाचं तोंड बंद झालं आणि कारखान्याला शोभाही आली.

त्या शेडमध्ये भर दुपारीसुद्धा संध्याकाळसारखा उजेड. त्यात काळी काच लावल्यावर लोखंडावर मारलेली खूण दिसेना. प्रेमसिंग भोक पाडताना मान खाली घालायला लागला. नाक पार ड्रिलजवळ. आणि एक दिवस ड्रिलचा दांडा मोडला आणि तुकडा उडून गॉगलवर बसला. काच फुटली. लोखंड राहिलं बाजूला, चष्म्याचीच काच त्याच्या पापणीत घुसली.

त्याला आणलं कुठं, तर आमच्या ओसरीवर. वहिनीनं हात स्वच्छ धुतले, पापणीवरचे वरवरचे तुकडे हातानं वेचले आणि आतल्यांना हात न लावता, डोळ्यावर धुतलेलं फडकं बांधून त्याला माझ्याच गाडीत बसवलं. त्याचं नशीब बलवत्तर. पापणी शिवली, डोळा राहिला.

पण त्या दिवशी ओसरीवर जमलेल्या माणसांसमोर ती उभी राहिली. तिच्या हाताला प्रेमसिंगचं रक्त होतं. ती म्हणाली, "आयका सगळे. खयातलं कुसळ घेऊन या, काडून देईन. रस्त्याची धूळ घेऊन या, काडून देईन. पन कारखान्याचं लोखंड आजपासून या जिभेनं निंगनार नाई. चष्मे लावा, नाई त दवाखान्यात जा."

झालं. गाव पेटलं. बाई माजली म्हणाले. चार लोकांनी विचारायला सुरुवात केल्यावर डोक्यात हवा गेली म्हणाले. आमच्याच वस्तीतली एक म्हातारी समजूत घालायला आली, की असा गुण नाकारू नये, देवाचं देणं असतं, निघून जाईल. वहिनी म्हणाली, "आजी, माह्या जिभेत देव नाई. मीठपानी हाय." म्हातारीला ते पटलं नाही. गावातही कुणाला पटलं नाही. डोळे चुरचुरणारी माणसं येऊन बसायची, ती बघायची, कुसळ असलं तर काढायची, लोखंड असलं की म्हणायची, जा अकोल्याला. माणूस शिव्या देत उठायचा. मला गाडीत लोक ऐकवायचे, तुझ्या वहिनीला जरा समजाव. मी त्यांना समजावून सांगायचो, पण माझ्या पद्धतीनं. माझ्याविरुद्ध डेपोत तक्रारी गेल्या.

आता जगदेवराव चांगला चष्मा आणत नाहीत हे नक्की झालं, तेव्हा वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, मले अकोल्याले घेऊन चाला. आपनच आनू."

गेलो. अकोल्याला हत्यारांचं, मशीनच्या सामानाचं एक मोठं दुकान होतं. दुकानदार भला माणूस. त्यानं काउंटरवर चष्मे मांडले. आधी एक नेहमीच्या चष्म्यासारखा, जाड काचेचा, बाजूनं मोकळा. वहिनीनं तो उचलला आणि माझ्या डोळ्यांवर चढवला. मी खाकी कपड्यात, गळ्यात पितळी बिल्ला, दुकानात गिऱ्हाईकं उभी. मी म्हटलं, "वयनी, मले कायले?" ती म्हणाली, "उभे राहा. डोये उघडे ठेवा." आणि तिनं पदराची गाठ सोडली. गाठीत मोहरी होती. घरूनच बांधून आणलेली. चिमूटभर घेऊन तिनं माझ्या कानाच्या बाजूनं तोंडावर मारली. दोन-तीन दाणे थेट डोळ्यात. मी ओरडलो, दुकानदारही ओरडला, कारण मोहरी त्याच्या सगळ्या दुकानात पसरली.

"पाह्यलं?" ती दुकानदाराला म्हणाली. "लोखंड समोरूनच येते असं थोडी हाय. मी इतके डोये पाह्यले. बाजूनं येते, खालून येते."

मग त्यानं दुसरे काढले. एक वेल्डिंगचा, गडद हिरव्या काचेचा. तिनं तो हातसुद्धा न लावता सरकवला. काळ्या काचेनं काय केलं ते ती बघून बसली होती. मग एक निघाला, दोन वाट्यांसारखा. प्रत्येक डोळ्यावर एक वाटी, कडेला मऊ रबर, मागून लवचीक पट्टा, आणि समोर पांढरी स्वच्छ काच. वाट्यांच्या बाजूला बारीक भोकं होती. "ही भोकं कायले? यातूनच जाईन की," ती म्हणाली. दुकानदारानं सांगितलं, हवा खेळायला, नाहीतर घामाची वाफ धरते आणि काही दिसत नाही, आणि त्या भोकांवर आतून आडोसा आहे, सरळ काही आत येत नाही. माझी परीक्षा पुन्हा झाली. मोहरी बाजूनं, खालून, वरून. एक दाणाही आत नाही. मग तिनं काच फुटते का विचारलं. दुकानदार म्हणाला ही काच नाहीच, प्लास्टिक आहे, आणि त्यानं वरून लहान हातोडीनं ठोकून दाखवलं. तिनं हातोडी त्याच्या हातातून घेऊन स्वतः ठोकलं, त्याच्यापेक्षा जोरात. ओरखडा आला, पण फुटलं नाही.

"हाच द्या," ती म्हणाली. "ज्याच्यावर मी मारलं तोच द्या."

एवढ्या पारखीनं आमच्या घरात कुणी बैलसुद्धा घेतला नव्हता.

दादानं तो दुसऱ्या दिवशी लावला. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. तो चाकावर बसला, ठिणग्या उडत होत्या आणि त्या वाट्यांवर आपटून खाली पडत होत्या. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तेवढ्यात जगदेवराव आले. त्यांनी दादाकडे बघितलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "देवमन, एका डोयाले दोन काचा कायले रे?"

शेड हसली. प्रेमसिंग तेवढा हसला नाही, पण बाकीची हसली. दादानं चष्मा काढला आणि खिळ्याला अडकवला. तो पुन्हा लावेना. मी घरी त्याच्यावर ओरडलो, वहिनीनं हात जोडले, पण तो म्हणायचा, "हासतेत." माणसाचा एक डोळा गेला ते कुणाला हसू येण्यासारखं वाटलं, आणि उरलेला वाचवायला निघाला त्याची त्यालाच लाज वाटली. चष्मा शेडमध्ये खिळ्यावर लोंबत राहिला. त्याच्यावर धूळ बसली.

पुन्हा मृगाचे दिवस आले. एका दुपारी मी ड्युटीवर जायच्या आधी घरी भाकर खात बसलो होतो. बाहेर गलका झाला. बघतो तर जगदेवराव, एक डोळा मुठीनं दाबलेला, आणि बरोबर निम्मा कारखाना. दादाही होता. झालं होतं असं, की एका शेतकऱ्यानं धारेबद्दल कुरकूर केली, तर मालकांनी दादाला "तुह्या एका डोयानं काय दिसते, सरक" असं म्हणून उठवलं आणि स्वतः चाकावर पास धरली. खिळ्यावर चष्मा तसाच लोंबत होता. पहिल्याच फवाऱ्यात ठिणगी डोळ्यात.

ओसरीवर बसून ते म्हणाले, "पंचफुला, काड."

सगळे बघत होते. मी भाकर ठेवून उठलो. वहिनीनं त्यांचं तोंड उजेडाकडे केलं, अंगठ्यानं पापणी वर धरली, नीट बघितलं. मग हात काढला. "रुतलं हाय, मालक. बुबुळात हाय. जिभेचं काम नाई. अकोल्याले जा."

त्यांना वाटलं ती सूड उगवते आहे. वाटणारच. स्वतः जे केलं असतं तेच समोरचा करतो असं माणसाला वाटतं. ते म्हणाले, "राग सोड पंचफुला. तुले काय पायजे ते सांग."

"मले काई नाई पायजे. निंगत नाई ते."

त्यांच्या डोळ्यातून पाणी गळत होतं. मग एकदम इकडेतिकडे बघून म्हणाले, "पानी आन."

वहिनीनं तांब्या-फुलपात्र आणलं. जगदेवरावांनी फुलपात्र भरून घेतलं आणि सगळ्यांदेखत आमच्या घरचं पाणी घटाघटा प्याले. इतकी वर्षं ओसरीवर येत होते, पण ओठ लावला नव्हता. फुलपात्र खाली ठेवून, आता तरी, अशा नजरेनं त्यांनी तिच्याकडे बघितलं.

मी वहिनीला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र तिनं चढवला नाही. ती म्हणाली, "पानी पेल्यानं लोखंड निंगत नाई, मालक. तहान लागली म्हनून पेले असते त मले बरं वाटलं असतं. उठा. भाऊजीची गाडी हाय, तिच्यात बसा."

मी सायकल काढून स्टँडवर गेलो आणि गाडी घेतली. हापसीजवळ आमचा थांबा होता, तिथं ड्रायव्हरला गाडी उभी करायला सांगितली. मी दार उघडून बघतो, तर दादा आणि वहिनी रस्त्याच्या कडेला उभे, आणि जगदेवराव हापसीवर. दुसरा कुणी हापसी मारतो आहे आणि हे चूळ भरून थुंकताहेत. पुन्हा चूळ, पुन्हा थुंकताहेत. मघाशी प्यालेलं पाणी धुऊन टाकत होते. डोळ्यात लोखंड घेऊन, ज्या बाईनं गाडी मिळवून दिली तिच्या देखत.

माझा हात घंटीच्या दोरीवर गेला. एक झटका दिला असता तर गाडी निघाली असती आणि पुढची गाडी संध्याकाळी. मी खरोखर दोरी धरली होती. वहिनीनं खालून दाराचा दांडा पकडला.

"भाऊजी, थांबा."

"वयनी, तुमी पाह्यलं न?"

"मले डोये हायत. थांबवा गाडी." मग हळूच, दादाला ऐकू जाऊ नये म्हणून, ती म्हणाली, "मालकाचा डोया गेला त म्हनन पंचफुलानं घालवला. वाचला त डॉक्टरचं आयकन. माह्यं आजवर आयकलं नाई, डॉक्टरचं तरी आयकन. तुमच्या दादाचा एकच डोया उरला हाय."

मी दोरी सोडली. जगदेवराव तोंड पुसत आले, पायरी चढले आणि तिच्याकडे न बघता आत जाऊन बसले. मी त्यांना तिकीट फाडून दिलं. मालेगाव, पातूर, अकोला, सगळ्या रस्त्यानं मी एक अक्षर बोललो नाही, आणि माझ्या नोकरीत हे असं एकदाच झालं.

वेळेत गेले म्हणून त्यांचा डोळा वाचला. डॉक्टरनं कण काढला, पट्टी बांधली आणि झापलंही असणार. कारण पट्टी बांधलेली असतानाच ते परत येताना त्या हत्यारांच्या दुकानात गेले आणि शेडमधल्या प्रत्येकासाठी चष्मा घेऊन आले. वाट्यांचा, भोकांचा, पांढरा. कारखान्यात सगळ्यांना उभं करून त्यांनी सांगितलं, "डॉक्टरसायबानं मले सांगतलं हाय. चष्म्याबिगर चाकाले हात लावाचा नाई." जणू ही गोष्ट जगात पहिल्यांदाच कुणीतरी बोललं होतं. भिंतीला खिळे ठोकले, एकेकाचा चष्मा अडकवला. दादाचा तिथं आधीपासून होताच, त्याच्यावरची धूळ पुसली. आता सगळेच लावतात म्हटल्यावर हसणार कोण. माझ्या भावाचा डोळा गेला, प्रेमसिंगची पापणी फाटली, एक बाई ऊर फुटेस्तोवर सांगत राहिली, तेव्हा काही हललं नाही. मालकाच्या डोळ्यावर पट्टी बसली आणि कायदा झाला.

पुढे गावात ते सांगत फिरायचे, मी जातपात मानत नाही, पंचफुलाच्या घरी पाणी प्यालो आहे, विचारा कुणालाही. हापसीचं सांगत नव्हते. ते मी सांगायचो, दर थांब्यावर. वहिनी मला रागवायची. म्हणायची, "कोनाच्याबी तोंडातून येऊ द्या, भाऊजी. चष्मे त आले." तिचा मोठेपणा तिच्याजवळ. माझ्यानं तो झाला नाही आणि होणारही नाही.

त्याच हंगामातली गोष्ट. संध्याकाळी दादा घरी आला. चष्मा नेहमी खिळ्यावर ठेवून यायचा, त्या दिवशी गळ्यात अडकवून आला होता. त्यानं तो काढून वहिनीच्या हातात दिला. तिनं सवयीनं आधी त्याचं तोंड उजेडाकडे केलं, डोळा बघितला. डोळा स्वच्छ होता. मग तिनं चष्मा उजेडात धरला. डावी वाटी, म्हणजे गेलेल्या डोळ्यावरची, कोरी होती. उजव्या वाटीच्या बरोबर मधोमध, जिथं आत बुबुळ येतं तिथं, एक काळा ठिपका होता. ठिणगी येऊन प्लास्टिक जाळून आत बसली होती.

तिनं त्यावरून बोट फिरवलं. नखानं खरवडून बघितलं. मग चष्मा तोंडाजवळ नेला आणि जिभेचं टोक त्या ठिपक्यावरून एकदा अलगद फिरवलं.

"निंगत नाई," ती दादाला म्हणाली, आणि ओसरीवर बसून रडायला लागली.